ओळखीचा दवाखाना

आई, लेबर रूमच्या बंद दाराआडून चापटीचा आवाज आला आणि त्याच्या मागोमाग तुझ्या हाताखालच्या आक्काचं एक वाक्य आलं, त्या क्षणी माझं सगळं बदललं. वाक्य आक्काचं नव्हतंच, तुझं होतं. शब्द तुझे, हेल तुझा, शेवटच्या ‘व्हय’वर थांबायची लकबसुद्धा तुझी. ‘तवा न्हाई वरडलीस ती, आता गाव गोळा करतीस व्हय?’ तुला जाऊन बारा वर्षं झाली. तुझा चेहरा फोटोमुळे टिकला, आवाज मात्र मी पार विसरलो होतो. किती वेळा आठवायला बसलो, आठवला नाही. आणि परत ऐकायला मिळाला तो असा, आत टेबलावर माझी बायको पडलेली असताना, दुसऱ्या बाईच्या तोंडून.

आज सकाळच्या गाडीनं मला सांगलीला जायचं आहे. बायको पोरीला घेऊन माहेरी आहे. सव्वा महिना उलटून वर आठ दिवस झाले, पोरीचं नावसुद्धा ठेवलेलं नाही. काल सासूबाईंचा फोन आला. ‘येतो म्हणत आसला तर या पाव्हणं,’ त्या म्हणाल्या, ‘पर ती म्हणतीया, तिनं इचारलंय त्याचं उत्तर घिऊन या. उत्तर नसंल तर गाडीत बसू नका.’ तिनं विचारलंय ते एकाच वाक्याचं आहे, पुढे सांगतोच. एकदा मी त्याचं खोटं उत्तर दिलेलं आहे आणि ते तिला पटलेलं नाही. खरं दिलं तर ती माझ्याबरोबर परत येईल की आयुष्यभर तिथंच राहील, मला माहीत नाही. तुला लिहायला बसलो कारण त्या उत्तरात अर्धी तू आहेस. तू जिवंत असतीस तर हे लिहायची माझी छाती झाली नसती, हेही आधीच कबूल करून टाकतो. मेलेल्या माणसाशी भांडायला कसली हिंमत लागते?

तुला ती माहीत नाही, म्हणून सांगतो. सांगलीची. कराडला कॉलेजात भेटली, मी दुसऱ्या वर्षाला, ती शेवटच्या. पास होऊन ती शिरवळला औषधाच्या कंपनीत लॅबमध्ये लागली आणि मला कराडात दिवस काढता येईना. तिसऱ्या वर्षाचा पहिला पेपर होता त्या सकाळी मी परीक्षेच्या हॉलऐवजी स्टँडवर गेलो, शिरवळच्या गाडीत बसलो आणि तिच्या कंपनीच्या गेटसमोर चहाच्या गाड्यापाशी पाच तास उभा राहिलो. ती सुटली, मला बघितलं, म्हणाली, ‘आज पेपर होता ना तुझा?’ मी म्हणालो, ‘तुझ्याशिवाय सुचत नाही काही.’ ती म्हणाली, ‘हे मला अजिबात आवडलेलं नाही,’ आणि असं म्हणून माझा हात धरून चालायला लागली. कॉलेज तिथंच सुटलं. मग मी साताऱ्याला एमआयडीसीत माल पाठवायच्या खात्यात लागलो, ती रोज शिरवळला जाऊन येऊन करायची. लग्न रजिस्टर केलं. तिच्या बापाची कृष्णाकाठी उसाची जमीन. तो आला नाही, फोनवर एवढंच म्हणाला, ‘अर्ध्यातनं सुटलेला गडी कशातच पुरा पडत न्हाई.’ ते वाक्य माझ्यात कुसळासारखं राहिलं. आपल्याकडून बाप म्हणून अण्णा लग्नाला आले, सही केली आणि दुपारच्या ड्यूटीला गेले. पलटणीतून सुटल्यापासून ते एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत आहेत, आणि तू गेल्यापासून त्यांचं बोलणंही गेटवरच्या माणसाएवढंच आहे, या आणि जा.

तिसरा महिना लागला तशी तिनं दवाखाना शोधायला घेतला. तिची पद्धत लॅबची. वहीत उभ्या रेघा मारल्या, डावीकडे प्रश्न, उजवीकडे एकेक दवाखाना. कळा चालू असताना घरचं माणूस जवळ थांबू देतात का. चालू-फिरू देतात का, की आल्याआल्या टेबलावर घेतात. सिझर करायचं कोण ठरवतं आणि घरच्यांना कधी सांगतात. रक्त लागलं तर कुठून आणतात. बाळाचा डॉक्टर तिथंच असतो का. रविवारी आम्ही दोघं साताऱ्यातले दवाखाने धुंडाळायचो. एके ठिकाणी काउंटरवरची पोरगी वही बघून म्हणाली, ‘मॅडम, पेशंट म्हणून आलाय का धाड टाकायला?’ मला हसू आलं. तिनं त्या दवाखान्याच्या रकान्यात शांतपणे फुली मारली आणि म्हणाली, ‘चल.’

सांगलीतला एक दवाखाना मात्र वहीत वरपासून खालपर्यंत बरोबरच्या खुणा घेऊन बसला होता. बाप बोलत नसतानाही माहेरी गेली होती, तेव्हा सासूबाईंबरोबर ती जाऊन बघून आली होती. तिथं आई आत थांबली तर चालतं, नवरा थांबला तरी चालतं. ‘तूपण येशील आत,’ ती मला म्हणाली, ‘माझा हात धरून उभा राहशील. तिथल्या बाई म्हणाल्या, नवरेच चक्कर येऊन पडतात, म्हणून त्यांच्यासाठी कोपऱ्यात एक खाट ठेवलीय.’ हे सांगताना ती लाडात होती, आई. मला ते दिसत होतं. आणि माझ्या डोक्यात एकच हिशेब चालला होता, सातव्या महिन्यात जाणार, बाळंतपणानंतर सव्वा महिना, म्हणजे चार महिने ही माझ्या घरात नसणार. तिचा फणी-कंगवा नसणार, संध्याकाळी गाडीतून उतरताना दिसणार नाही, भांडायलासुद्धा कुणी नाही. मला ते झेपणार नव्हतं. एवढंच तिला सांगितलं असतं तर तिनं डोक्यात टपली मारली असती आणि म्हणाली असती, वेड्या, दर शनिवारी येत जा. पण मी ते सांगितलं नाही. मी तुझं नाव काढलं.

‘माझ्या आईचा दवाखाना इथं असताना सांगलीला कशाला?’ मी म्हणालो. ‘लेबर रूममधली मावशी म्हणून तिची सगळी हयात गेली तिथं. तिथं आपल्याला कोण परकं समजणार आहे?’ ती वही मिटून माझ्याकडे बघत राहिली. ‘हे कधी बोलला नव्हतास,’ म्हणाली. आईविना वाढलेल्या पोराला नाही म्हणणं जड जातं, हे मला चांगलं ठाऊक होतं. तुझं मरण मी शाळेत गृहपाठ चुकवायला वापरलं होतं, कॉलेजात हजेरीसाठी वापरलं होतं. आता बायकोला घरात ठेवायला वापरलं.

सातव्या महिन्यात सासूबाई न्यायला आल्या. एकट्या, एसटीनं, हातात हिरवी साडी, चुडा आणि डबाभर शेंगाच्या पोळ्या. बसल्या, चहा घेतला, पण कप हातातच राहिला. ‘पाव्हणं, पयलं बाळंतपण म्हायेरात आसतंय. रीत हाय ती. मी काय तिला हिसकावून न्हेत न्हाई. समदं नीट झालं की तुमचं माणूस तुमाला आणून पोचवते.’

‘रीत लग्नात कुठं गेली होती?’ मी म्हणालो.

‘ते तिच्या बापाचं झालं. माजं न्हवं.’

‘तुमचं काय निराळं? तेव्हा पोरगी मेली म्हणून बसलात. आता मेलेल्या पोरीचं बाळंतपण करायला आलात व्हय?’

साय धरलेला कप त्यांनी खाली ठेवला. मग म्हणाल्या, ‘तुमास्नी आई न्हाई म्हणून मी ऐकून घेते.’ त्याचाच मला जास्त राग आला. मी म्हणालो, ‘आहे. तिच्याच दवाखान्यात होईल.’ साडी नि चुडा त्यांनी पोरीच्या मांडीवर ठेवला, ओटी भरली, आणि स्टँडची रिक्षा कुठं मिळते ते शेजारणीला विचारून निघून गेल्या. मला विचारलं नाही. त्या गेल्यावर ती म्हणाली, ‘आईला जे बोललास ते मला बोललास.’ मी म्हणालो, ‘तुला जायचंय ना? जा. पण मग परत येऊ नको.’ शिरवळच्या गेटवर पाच तास उभा राहिलेला तो मीच. तासाभरानं तिच्या मांडीत तोंड खुपसून रडलो, म्हणालो, आईच्या जागी होऊ दे, माझं एवढं ऐक. तिनं माझ्या केसांतून हात फिरवला आणि साताऱ्यातच राहिली. माझं रडणं खरं होतं. तिला मात्र त्यानं फसवलं.

साताऱ्यात माणूस दवाखाना बघत नाही, ओळख बघतो. आरटीओत ओळख, कचेरीत ओळख, मयतीला लाकडं घ्यायची झाली तरी कुणाची ओळख आहे का बघ म्हणतात. मलाही दवाखान्यात शिरताना तोच तोरा होता. मोठे डॉक्टर आता वर बसून असतात, खाली त्यांची सून, मॅडम, बघते, चांगली आहे, हळू बोलते. आणि आक्का. तू गेलीस तेव्हा ती तुझ्या हाताखाली तीन-चार वर्षं काढलेली तरणी बाई होती, आता केस पिकलेत आणि सगळे तिला मावशी म्हणतात, जसे तुला म्हणायचे. तिनं दारातच माझ्या बायकोचा चेहरा दोन्ही हातांत धरला. ‘मावशींची सून आली बघा गं,’ आतल्या पोरींना म्हणाली. ‘रंगानं उजवी हाय रं बाळा. मावशी आसती तर दिष्ट काढली आसती.’ बायकोनं पिशवीतून वही काढली. मी ती तिच्या हातातून घेतली. ‘इथं असलं विचारायचं नसतं,’ म्हणालो, ‘इथं आपली ओळख आहे.’ तरी तिनं तोंडानं एक विचारलंच, ‘आक्का, कळा सुरू झाल्या की माझ्याजवळ कुणाला थांबू देतील का?’ आक्का हसली. ‘मी हाय की. मी म्हंजी तुजी सासूच समज.’ बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

आता ऐक, आई. मान डोलावताना मी लेबर रूमच्या बाहेरच्या खुर्चीपाशी उभा होतो. तिथं पूर्वी लाकडी बाकडं होतं. शाळा सुटली की मी त्यावर येऊन बसायचो, तुझी ड्यूटी संपेपर्यंत. कुणाला मुलगा झाला की पेढा मिळायचा, मुलगी झाली तरी तू अर्धा मिळवून द्यायचीस. दाराआडून बायका ओरडायच्या आणि तुझा आवाज यायचा. तवा गोड लागलं. तवा न्हाई वरडलीस. नवऱ्याला बोलीव आता, त्याला म्हण सोस. मग चापट, मग एकदम शांत, मग पोराचं रडणं. मला त्या बोलण्यातलं काही कळत नव्हतं, पण तू बोललीस की बाहेर बसलेले लोक गालातल्या गालात हसतात हे कळत होतं, म्हणून मीही हसायचो. माझी आई आत राज्य करतेय असं वाटायचं. घरी अण्णांच्या पुढ्यात मान खाली घालून ताट वाढणारी तू, आणि तिथली तू.

चौथीत होतो, मधल्या सुट्टीत वर्गातली एक पोरगी पडून गुडघा फुटला आणि भोकाड पसरून बसली. मी तिला तुझं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. बाई तिथंच होत्या. दुसऱ्या दिवशी तुला बोलावलं. घरी आल्यावर स्वयंपाकघरात मला गॅसच्या ओट्याला टेकवून उभं केलंस आणि उलथन्यानं पोटऱ्या सोलून काढल्यास. ‘कुटनं शिकलास?’ ‘तुझ्याकडनं.’ परत एक. ‘कुटनं?’ ‘तुझ्याकडनंच.’ मग उलथनं ठेवलंस, खाली बसलीस, आणि माझ्या पोटरीला खोबरेल चोळत म्हणालीस, ‘आतलं बोलणं आतच ऱ्हायाचं. भाईर आणायचं न्हाई.’ मी विचारलं, त्यांना मारतीस का तू? म्हणालीस, ‘बाई रडत बसली की जोर जातो. पोर आत घुसमटतंय. दोन ठिवल्या की शुद्धीवर येती नि मोकळी हुती. कोण कसं रडलं ते मग कोण इचारतंय?’ मी त्या वेळी सात का आठ वर्षांचा नव्हतो, नऊचा होतो. आणि एका रविवारी, बाजारात, कडेवर पोर घेतलेली एक बाई समोरून आली, तुला बघितलं आणि पटकन रस्ता ओलांडून पलीकडच्या दुकानांच्या बाजूनं चालायला लागली. तू म्हणालीस, ‘काम झालं की वळख इसरत्यात.’ मी मागं वळून बघितलं होतं. ती विसरलेली दिसत नव्हती. ती पोराला छातीशी घट्ट धरून चालली होती.

बाळंतपणाच्या दिवशी सकाळी सातला पाणी गेलं. रिक्षानं दवाखाना गाठला, आक्का दारातच होती, तिनं बायकोला आत घेतलं, मी मागोमाग गेलो तर हातानं अडवलं. ‘तू भाईर बस. तुजी जागा तुला म्हाईत हाय की.’ मी बसलोय. शेजारी एक म्हातारी, तिच्या नातसुनेची वाट बघत. साडेदहापर्यंत नुसतं कण्हणं. मग तिचा आवाज चढायला लागतो. आधी ‘आई गं’, मग माझं नाव. दोनदा, तीनदा माझं नाव. आणि तो आवाज येतो, ओल्या कापडावर फळी मारावी तसा, आणि तुझं वाक्य. म्हातारी माझ्याकडे वळते. ‘सासू हाय का रं आत?’ ‘नाही.’ ‘मग लय हक्कानं बोलतीया.’ मी उठतो. दारापाशी जातो. प्लायचं दार, आतून कडी लावलेली नाही, एका बोटानं उघडेल. दारावर हात ठेवतो. कंपनीत सुपरवायझरची कॉलर धरणारा मी, एसटीत तिला धक्का लागला म्हणून दोघांशी मारामारी करणारा मी. आतून दुसरा आवाज येतो. मी हात काढून घेतो आणि परत खुर्चीवर येऊन बसतो.

साडेअकराला पोरगी झाली. आक्का तिला दुपट्यात घेऊन बाहेर आली, घामानं थबथबलेली, पण चेहरा असा फुललेला की मला तुझा एखादा चांगला दिवस आठवला. ‘लक्षुमी आली रं. तुझ्या आयच्या हातानंच झाली समज. बया लय हातपाय झाडत हुती, दोन ठिवून दिल्या, तवा कुटं जोर केला.’ मी पोरीकडेच बघत होतो, तसं तिला वाटलं मला समजलं नाही, म्हणून जवळ येऊन म्हणाली, ‘आरं, हल्ली कुणाला हात लावायची सोय ऱ्हायली न्हाई. परक्या बाया मोबाइल काढत्यात, मॅडम मलाच झाडत्यात. वरीस-दीड वरीस झालं, कुणाला बोट लावलं न्हाई म्यां. ही घरची, म्हणून. मावशीची लय सय आली बघ.’

समजतंय का तुला, आई? मी तिच्यासाठी काय मिळवलं ते? साताऱ्यातल्या कुठल्याही अनोळखी बाईला त्या टेबलावर त्या दिवशी कुणी मारलं नसतं. ओळखीशिवाय आत गेली असती तर हात न लागता बाहेर आली असती. मी वही काढून घेतली, ओळख दिली, आणि ओळखीनं तिला जे फक्त घरच्यांना मिळतं ते मिळालं. आणि मी काय केलं? मी वाकलो आणि आक्काच्या पायाला हात लावला. विचार करून नाही. मूल झालं की बाळंतपण करणारीच्या पाया पडतात, तुझ्या पडायचे, मी बघत वाढलो. वाकलेला होतो तेवढ्यात स्ट्रेचर बाहेर आलं. ती जागी होती. केस कपाळाला चिकटलेले, ओठ फुटलेला. तिनं मला त्या बाईच्या पायांवर बघितलं आणि मान भिंतीकडे वळवली.

तिसऱ्या दिवशी ती बोलली. पोरगी अंगावर पीत होती. कूस बदलताना गाऊन सरकला आणि मांडीवर चार बोटं दिसली, काळीनिळी. ‘मार मी विसरेन,’ म्हणाली. ‘त्या कळांपुढं तो काहीच नव्हता. पण मारल्यावर ती मला म्हणाली, तुझ्या सासूची पद्धत हाय ही, तिनंच शिकवलंय. मला वाटलं, काहीतरी बोलतेय. मग बाहेर आले तर तू तिच्या पायावर.’ पोरीच्या डोक्यावरचं टोपडं सारखं केलं. ‘तुला आधीपासून माहीत होतं?’

‘नाही.’

‘आईची शपथ?’

‘आईची शपथ.’

तुझी शपथ घ्यायला मला काही वाटलं नाही. तुला आणखी काय होणार होतं? पाचव्या दिवशी सासूबाई गाडी घेऊन आल्या. गाडीत पोरीला मांडीवर घेतलं, लेकीला उशीला टेकवून बसवलं आणि निघाल्या. या वेळी मी रीत-बीत काही काढलं नाही. गाडीच्या खिडकीपाशी उभा राहिलो. तिनं काच खाली केली नाही.

आठ दिवसांनी डोकं फिरलं आणि दवाखान्यात जाऊन मॅडमसमोर आरडाओरडा केला. तुमच्या दवाखान्यात माझ्या बायकोला मारलं, मी कोर्टात जाईन, पेपरात देईन, असलं सगळं. मॅडमनं आक्काला बोलावलं. ती पदराला हात पुसत आली, मला बघून हसली, आणि मग तिला कळलं मी कशाला आलोय. ‘आसं का करतोस रं बाळा,’ म्हणाली, ‘म्यां काय नवं केलं? तुझ्या आयनं हात धरून शिकवलेलं. तू बाकड्यावर बसून पाय हालवत हसायचास की. तुजं हसू आत ऐकू याचं. मावशी म्हणायची, माजा ल्योक ऐकतोय.’ मॅडमनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, ‘खोटं बोलतेय ही.’ आक्काचा नवरा दोन वर्षं अंथरुणावर आहे, घर तिच्यावर चालतं, हे मला माहीत होतं. त्याच दिवशी तिला काढलं. जाताना तिनं मला शिव्या दिल्या नाहीत. कपाटातून डबा आणि छत्री घेतली आणि माझ्या बाजूनं निघून गेली. मी रस्त्यावर येऊन सांगलीला फोन लावला. ‘तिला काढायला लावलं,’ म्हणालो. मला वाटलं होतं, काहीतरी जिंकून आणलंय. पलीकडे बराच वेळ पोरीचं कुरकुरणं ऐकू येत राहिलं. मग ती म्हणाली, ‘आणि तू?’

तेव्हापासून रोज सकाळी उठतो आणि उत्तराची जुळवाजुळव करतो. लहान होतो, समजत नव्हतं. समजत होतं, पण विसरलो होतो. आठवत होतं, पण काळ बदललाय, आता असलं कुणी करत नसेल असं वाटलं. प्रत्येक उत्तर थोडं थोडं खरं आहे आणि तिच्या वहीत एकही बसत नाही. तुझ्यावर ढकलावं असंही करून बघितलं. या कागदावर तुला काय काय म्हटलंय बघ. पण तू मेलीस तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि दारावर हात ठेवला तेव्हा तेविसाचा. मधली बारा वर्षं तुझी नाहीत. उत्तर ‘हो’ आहे. मला माहीत होतं. आत काय चालतं हे त्या दवाखान्यात शिरणाऱ्या सगळ्या पुरुषांत मला एकट्यालाच पक्कं माहीत होतं, आणि चार महिने तिच्यावाचून राहायला लागू नये म्हणून मी तिला तिथं नेलं. हे मी आज तिला सांगणार आहे. सासूबाईंसमोर सांगायला लावलं तर त्यांच्यासमोर. तिचा बाप घरात असला तर त्याच्यासमोरही.

हा कागद तुझ्या फोटोमागं खोचणार नाही, नदीत सोडणार नाही, जाळणारही नाही. टेबलावर असाच पडू दे. अण्णा ड्यूटीवरून आले तर वाचतील, नाही वाचलं तर त्यावर भाजी निवडतील. फक्त एक राहिलं, ते तिनं विचारलेल्यात येत नाही, म्हणून इथंच सांगतो. दारावर हात होता तेव्हा मला भीती वाटली नव्हती. आत ती माझं नाव घेऊन ओरडत होती, आक्का, नर्सपोरी, ती म्हातारी, सगळे ऐकत होते, आणि मला तिची लाज वाटत होती. गप्प बस, असं मी मनात म्हणालो होतो. तुझ्याच आवाजात नाही, आई. माझ्या.

गाडीची वेळ झाली. चप्पल घातली, पिशवी घेतली, दार ओढून घेतो.